तीन पॉइंट सहा असतंच कुठे?

आमच्या शाळेच्या संचालक मंडळाला खुलं पत्र

सन्माननीय अध्यक्ष, सचिव आणि सर्व सदस्य,
सप्रेम नमस्कार.

जुलैच्या बैठकीत आपण ठरवलंत की प्रत्येक शिक्षकाने दर महिन्याच्या 25 तारखेपर्यंत आपल्या वर्गातला एक 'सफल प्रयोग' लिहून द्यायचा. तीनशे शब्द, तीन फोटो आणि शेवटी 'निष्पत्ती' असा रकाना. बैठक नेहमीप्रमाणे मराठीत सुरू झाली आणि चहा येईपर्यंत हिंदीत पोहोचली, त्यामुळे 'सफल' हा शब्द आपण कुठल्या भाषेतून उच्चारलात ते मला नक्की सांगता येणार नाही. अर्थ दोन्हीकडे एकच. जे जमलं तेवढंच लिहायचं.

हे मी ऑफिसात अर्ज म्हणूनही देऊ शकले असते. पण इंदुरातल्या दुसऱ्या शाळांत शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणींकडेही असेच साचे आले आहेत, आणि राजवाड्यापासून सुदामानगरपर्यंत सगळ्याजणी 24 तारखेच्या रात्री एकच काम करत बसलेल्या असतात. म्हणून उघड लिहिते आहे. शाळेचं नाव लिहीत नाही. आपल्याला कळेलच.

आधी माझी कबुली. सप्टेंबरमध्ये मी जो कागद दिला त्याचं शीर्षक होतं 'दशांश अपूर्णांक: एक आनंददायी प्रवास'. सचिवसाहेबांनी तो स्टाफरूममध्ये वाचून दाखवला आणि कौतुक केलं. त्यातल्या तीनपैकी दोन फोटोंत सहावी 'ब'ची मुलं हात वर करून बसलेली दिसतात. मी तेव्हा कुठलाही प्रश्न विचारलेला नव्हता. "हाथ ऊपर करो, फोटो है," एवढंच म्हणाले होते. निष्पत्तीच्या रकान्यात 'सर्व विद्यार्थ्यांना संकल्पना स्पष्ट झाली' असं लिहिलं. बावन्न मुलं आहेत वर्गात. सर्व!

खरं काय घडलं ते आता सांगते.

फळ्यावर 3.5 + 0.1 लिहिलं होतं. उत्तर कोण सांगणार म्हटल्यावर खिडकीजवळचा एक मुलगा उठला. बुटका, डावखुरा, मधल्या सुट्टीत घामाघूम होऊन येणारा. म्हणाला, "चार."

मी म्हटलं, नीट बघ.

"चार ही है, मॅडम."

"तीन पॉइंट सहा," मी म्हटलं. त्यावर तो अगदी मनापासून चकित होऊन म्हणाला, "मॅडम, तीन पॉइंट छह होता ही कहाँ है?"

वर्ग हसला. मीही हसले, आणि त्याला खाली बसवलं. माझ्या कागदात ही गोष्ट नाही. ती लिहावी असं माझ्या मनातही आलं नाही, कारण ती सफल नव्हती.

पुढे आठवड्याभराने घरी टीव्हीवर मॅच चालू होती. माझे सासरे मॅच लागली की होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकल्याचं पारायण करतात, ते चालू होतं, आणि मी पालक निवडत होते. सहज पडद्याच्या खालच्या पट्टीकडे नजर गेली. 17.5 होतं. पुढचा चेंडू पडला आणि 18 झालं. 17.6 आलंच नाही.

तो मुलगा ओव्हर मोजत होता हो! तीन ओव्हर आणि पाच चेंडू, त्यात एक चेंडू मिळवला की चार. त्याचं गणित बरोबर होतं, फक्त ते सहाच्या गठ्ठ्यांचं होतं आणि मी दहाच्या गठ्ठ्यांचं विचारत होते. दोन्हीकडे मधे तोच ठिपका. आणि नुसतं क्रिकेटच कशाला? आपण 'अडीच तास' हे 2.30 असं लिहितो, तिथे तो ठिपका साठाचा असतो. दुकानदार 5.50 लिहितो आणि आपण 'पाच रुपये पन्नास पैसे' वाचतो, तिथे तो शंभराचा. मुलाच्या आयुष्यात चार जातींचे ठिपके आहेत आणि पाठ्यपुस्तकाला त्यातला एकच माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला व्हरांड्यात गाठलं. डबा हातातच होता त्याच्या. मी खडूने फरशीवर लिहिलं: 46 धावा, 3.5 ओव्हर, रनरेट किती? आणि मोबाइलवर 46 भागिले 3.5 करून दाखवलं. 13.14 आलं. त्याने पोह्यांचा घास गिळला आणि मान हलवली. "गलत है. तेईस बॉल हुए, छियालीस रन. एक बॉल पे दो. तो ओव्हर का बारह."

बाराच बरोबर आहे. 3.5 ओव्हर म्हणजे तीन आणि पाच षष्ठांश ओव्हर, दशांशात 3.83 आणि पुढे तिनांची रांग. माझं यंत्र चुकलं होतं, कारण त्यात आकडा मी घातला होता. बी.एस्सी.ला गणित, बी.एड., नोकरीची एकोणीस वर्षं, आणि फरशीवर उकिडवी बसलेली मी.

त्या रात्री मला हे कुणालातरी लिहून सांगायची एवढी ऊर्मी आली की झोप लागेना. पण साच्यात बसवायला गेले तर बसेना. 'उद्दिष्ट' काय लिहू? 'निष्पत्ती' काय लिहू? मॅडमला कळलं, असं?

तेव्हापासून मी वाचायला लागले. दिवाळीची सगळी सुट्टी आणि नंतरचे रविवार. शिक्षणावर लिहिणाऱ्या तज्ज्ञांचं नव्हे, ज्यांनी स्वतःच्या हाताने हजेरी घेतली त्यांचं लिहिणं. चांगलं लिहितात ते काय करतात, आणि मी जे लिहून दिलं ते इतकं पोकळ का होतं, हे मला शोधायचं होतं.

पहिले भेटले गिजुभाई बधेका. आफ्रिकेत जाऊन आलेला, वकिली करणारा हा माणूस भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आला आणि 1920 मध्ये त्याने तिथे बालमंदिर सुरू केलं. त्यांचं 'दिवास्वप्न' मी काशिनाथ त्रिवेदींच्या हिंदीतून वाचलं. कथा कल्पित आहे, पण पाया अनुभवाचा. त्यातला शिक्षक चौथीच्या वर्गावर प्रयोग करायला मोठी तयारी करून येतो, पहिल्याच दिवशी मुलांना शांततेचा खेळ खेळायला लावतो, आणि मुलं त्याची पुरती फजिती करतात. शेवटी तो त्यांना घरी सोडतो. पुस्तकाची सुरुवात अशी आहे! पहिल्या दिवशी त्याचं सगळं ठीक पार पडलं असतं तर मी दुसऱ्या पानाच्या पुढे गेले नसते. पडला, म्हणून मी त्याच्याबरोबर उठले. (पुढे पुढे त्याला जरा जास्तच यश मिळत जातं, आणि तिथे माझं लक्ष उडतं, हेही सांगून टाकते. गिजुभाईंबद्दल आदर ठेवून.)

मग अमेरिकेचा जॉन होल्ट. पाचवीच्या वर्गात त्याचा सहकारी बिल हल शिकवायचा आणि होल्ट वर्गात बसून मुलांकडे बघत राहायचा. जे दिसलं ते तो बिल हललाच टिपणं करून द्यायचा. ती टिपणं 1964 मध्ये पुस्तकरूपाने आली आणि जगभर वाचली गेली, पण लिहिताना समोर एकच वाचक होता, त्याच वर्गात शिकवणारा. त्यामुळे त्याला थाप मारायची सोयच नव्हती. होल्टला काय दिसलं? उत्तर येत नसलं की एखादं मूल मुद्दाम तोंडातल्या तोंडात पुटपुटतं. शिक्षकाच्या मनात योग्य उत्तर घोळत असतंच, त्याला तेच ऐकू येतं, आणि मूल सुटतं. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. माझ्या वर्गातली निदान पाच मुलं हे करतात, आणि मी त्या पाचांनाही 'शाबास' म्हणत आले आहे.

आपल्यापैकी काही जणांना वाटेल, ही बाहेरची उदाहरणं. मग घरचं घ्या. होशंगाबाद, आताचं नर्मदापुरम, इंदूरपासून काही तासांवर. तिथे 1972 मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा शाळांत, सहावी ते आठवीच्या वर्गांना, विज्ञान प्रयोगातून शिकवायला सुरुवात केली. 1978 मध्ये तो कार्यक्रम सगळ्या जिल्ह्यात गेला, 1982 पासून एकलव्य संस्थेने तो सांभाळला, आणि 2002 मध्ये सरकारने बंद केला. का बंद केला यावर मला बरंच बोलायचं आहे, पण ते या पत्रात नको. मला मोह पडला तो तिथल्या दोन गोष्टींचा. एक म्हणजे शिक्षकांच्या मासिक बैठका. महिन्याभरात वर्गात काय अडलं, कुठला प्रयोग जमला नाही, ते तिथे एकमेकांना सांगायचं. महिन्यातून एकदा! आपल्याही साच्याची मुदत महिन्याचीच आहे, पण आपण त्यात भलतंच मागतो. दुसरी म्हणजे सवालीराम. हा कुणी खरा माणूस नव्हता. मुलांनी मनातला कुठलाही प्रश्न सवालीरामला पत्राने विचारायचा आणि त्याचं उत्तर टपालाने यायचं. मुलांचे प्रश्न कुणीतरी मोलाचे मानून जमा करत होतं. आपल्या शाळेत मुलांची उत्तरं कपाटात गठ्ठे बांधून ठेवतात, प्रश्न कुठेच राहत नाहीत.

चुका जमा करणाराही एकजण मला सापडला. न्यूयॉर्कमधला गणिताचा शिक्षक मायकेल पर्शन. त्याने मुलांनी चुकीची सोडवलेली गणितं, मुलांच्याच अक्षरात, गोळा करून दुसऱ्या शिक्षकांपुढे ठेवली आणि विचारलं की या मुलाच्या डोक्यात काय चाललं असेल? बस्स. वहीचं पान आणि एक प्रश्न. मला माझा डावखुरा आठवला. त्याच्या 'चार'वर मी लाल फुली मारून मोकळी झाले असते, आणि वर्षभर मारत राहिले असते.

आणि डॅन मायर. कॅलिफोर्नियात हायस्कूलला गणित शिकवायचा. पाण्याची टाकी किती वेळात भरेल, हे आपल्या हौद आणि नळाच्या गणिताचं भावंड, त्याने पुस्तकातून उचललं, त्यातली दिलेली सगळी मापं काढून टाकली, आणि नळी लावून टाकी भरत असल्याचा नुसता व्हिडिओ वर्गाला दाखवला. पाणी इतकं सावकाश चढतं की मुलं वैतागून घड्याळं बघायला लागतात आणि आपणहून विचारतात, अजून किती वेळ? प्रश्न मुलांकडून आला की मग आकडे. 2010 मधल्या त्याच्या भाषणात हे आहे.

मी लगेच नक्कल करायला गेले. आमच्याकडे प्रोजेक्टर महिन्यातून एकदाच हाताला लागतो, म्हणून खरी बादली घेतली, मागच्या आवारातल्या नळाखाली ठेवली आणि बावन्न मुलांना गोल उभं केलं. नळ सोडला. नळाने एक सुस्कारा टाकला आणि दोन थेंब. त्या दिवशी नर्मदेचं पाणी यायचा दिवस नव्हता आणि बोरिंगची मोटर बंद होती. मुलं हसून हसून लोळली. साच्याच्या हिशेबाने प्रयोग तिथेच संपला.

पण पोरं रिकाम्या बादलीभोवती बोलत राहिली. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, किती मिनिटं येतं, टाकी कुठवर भरते. पाठ्यपुस्तकातलं गणित म्हणतं, एक नळ हौद सहा तासांत भरतो, दुसरा तीन तासांत, दोन्ही सोडले तर दोन तासांत भरेल. मी तेच सांगायला लागले तर एक मुलगी म्हणाली, "दोन नळ एकदम सोडले तर दोन्ही हळू होतात." घरात मराठी बोलणाऱ्या मोजक्या मुलांपैकी ती एक, त्यामुळे माझ्याशी मराठीतच बोलते. दुसरा म्हणाला, बगलवाले मोटर लगा लें तो हमारे यहाँ आता ही नहीं.

नर्मदाकाठच्या जलूदहून इतक्या लांबून चढवून आणलेलं पाणी गल्लीत कसं वाटलं जातं, हे या पोरांना माहीत आहे. पाठ्यपुस्तकाने नळांचे वेग बिनदिक्कत एकमेकांत मिळवलेत, कारण पुस्तकातल्या प्रत्येक नळामागे जणू वेगळी नदी आहे. एका लाइनवरच्या दोन नळांचे वेग असे मिळवता येत नाहीत. एकोणीस वर्षं मी हे गणित शिकवते आहे आणि इतकी वर्षं माझ्या स्वयंपाकघरातला नळ कुणी बाथरूमचा सोडला की बारीक होतो. दोन्हींची गाठ मी कधी घातली नव्हती.

हे 'सफल' आहे की नाही, आपणच सांगा.

वाचताना आवडलं नाही तेही पुष्कळ होतं. शिक्षक लिहायला बसला की त्याच्या अंगात सूत्रसंचालक का संचारतो कोण जाणे. सुरुवातीला सुविचार, मग 'आजच्या धावपळीच्या युगात', मग मुलं ज्ञानगंगेत न्हाऊन निघतात. एकाही मुलाचं एकही वाक्य जसंच्या तसं नसतं. मी स्वतः अशी पाच पानं आपल्याला दिली आहेत, तेव्हा मला नावं ठेवायचा अधिकार कमीच. पण आता मी एक परीक्षा लावते. पान वाचून झाल्यावर मला उद्याच्या तासाला काही वेगळं करावंसं वाटलं का? आणि लिहिणारा पुढच्या महिन्यात त्याच गोष्टीकडे परत आला का? दुसरा प्रश्न फार जणांना गारद करतो. यशोगाथेला पुढचा भाग नसतोच. ती फोटोत संपते.

फोटोंबद्दलही एक. मुलांचे चेहरे आपण शाळेच्या पानावर सर्रास टाकतो. मीही टाकले. कुणाच्या आईवडिलांना विचारलं होतं का? चुकलेल्या गणिताशेजारी तर चेहरा आणि नाव कधीच नको. माझ्या पत्रातही म्हणूनच कुणाचं नाव नाही. वहीचं पान पुरतं, नाव झाकून.

तर माझं मागणं. 'सफल' हा शब्द काढा. रकाने काढा. शिक्षकाला विचारा की या महिन्यात वर्गात असं काय घडलं ज्याने तुम्ही अडखळलात, आणि मूल नेमकं काय म्हणालं. शंभर शब्दांत होत असेल तर शंभर, हजार लागले तर हजार. कुणाला काहीच सुचलं नाही तर त्या महिन्यात कोरा कागद चालू द्या. आणि मुख्य म्हणजे हे कागद आपल्याकडे नकोत. आधी ते आम्ही आपसात वाचू, शनिवारी शाळा सुटल्यावर, स्टाफरूममध्ये. कचोरीचा खर्च आमचा. भूगोलाच्या मॅडमना माझा ठिपका वाचून अक्षांशाचे अंश आणि मिनिटं आठवतील, तिथेही साठच. पीटीच्या सरांना तर मी विचारणारच आहे की ओव्हर अशा का लिहितात. हे झाल्यावर पंधरा दिवसांनी फाइल आपल्याकडे येईल. आपण जरूर वाचा, पण वार्षिक वेतनवाढीच्या फाइलशेजारी ती ठेवू नका. त्या शेजाराचा परिणाम पाण्याच्या मोटरसारखा होतो.

बैठकीत एक आक्षेप निघेल याची मला कल्पना आहे: चुका लिहून ठेवल्या आणि पालकांच्या हाती लागल्या तर? लागू देत. मागच्या महिन्यात मी पालकसभेत क्रिकेटच्या ठिपक्याची गोष्ट सांगितली. एरवी सही करून निघून जाणारे वडील थांबले. एकजण किराणा दुकान चालवतात. म्हणाले, मॅडम, काट्यावर 1.5 किलो आलं की नोकर दीड किलो न वाचता एक किलो पाच ग्रॅम वाचतो, त्याला काय सांगू? त्यानंतर वीस मिनिटं आम्ही दशांशावर बोललो, गुणपत्रिका बाजूला राहिली.

आता डावखुऱ्याचं पुढे काय झालं ते. चाचणीत मी मुद्दाम 4.5 + 0.3 घातलं होतं. व्हरांड्यातल्या गप्पांनंतर दोनदा वर्गात घेतलं होतं, काड्यांचे दहाचे आणि सहाचे गठ्ठे करून. त्याने उत्तर लिहिलं 5.2. चार ओव्हर पाच चेंडू, त्यात तीन चेंडू, म्हणजे पाच ओव्हर दोन चेंडू. चोख. आणि दशांशाच्या पेपरात चूक. पण उत्तराच्या पुढे त्याने कंसात काहीतरी लिहून खोडलं आहे. उजेडासमोर धरलं तर 4.8 वाचता येतं. म्हणजे त्याला दोन्ही आली होती, आणि कुठलं मागितलं आहे ते ठरवताना तो घसरला. की वेळ संपला म्हणून खोडलं? मला अजून कळलेलं नाही. विचारलं तर खांदे उडवतो.

या महिन्याचा माझा कागद म्हणजे ते पान आहे. त्याच्या आईला फोन करून परवानगी घेतली आहे, नाव झाकलं आहे. फोटो नाहीत. निष्पत्तीचा रकाना रिकामा सोडला आहे. 25 तारखेला ऑफिसात देते.

आपली,
सहावी 'ब'ची गणिताची मॅडम
इंदूर